तेवीस किलो

बॅग ओढत साखर पेठेत आणली,
यन्नम मामांच्या गोडाऊनमध्ये, सुताच्या काट्यावर,
जिथं बाबांनी आयुष्यभर बाचकी मोजून घेतली.
"हात काढ गं," मामा म्हणाले,
"काट्याला त्याचं त्याचं थांबू दे."
सव्वीस किलो चारशे.
विमान तेवीस घेतं.

मग तिथंच, पोत्यांच्या मधे,
चेन उघडून बसलो आम्ही तिघं.
आधी चादर निघाली. घरचीच, मोरांची.
दोन किलो शंभर, एकटी.
आई म्हणाली, राहू दे, तिकडं दुकानात मिळतात की.
चादरी विणणाऱ्या घरातून आलेल्या बाईला
हे बोलताना जरा खोकला आला.
मशीन डिझाइनचं जाडं पुस्तक निघालं.
शेंगाचटणीचा डबा दोनदा बाहेर आला, दोनदा आत गेला.
कडक भाकरी फुटू नयेत म्हणून
दोन टॉवेलांत गुंडाळल्या होत्या.
बाबा म्हणाले, टॉवेल काढ, भाकरी ठेव,
फुटली तरी भाकरीच असते ती.

आई दिवसाला हजार विड्या वळते.
कारखान्यात तपासणारा कट्ट्यावरून बोट फिरवतो,
वाकडी दिसली की बाजूला. तिला छाट म्हणतात.
छाटीचे पैसे नाहीत,
पान, तंबाखू, दोरा, दुपार
सगळं तिचं गेलेलं.
मे महिन्यात माझा पहिला व्हिसा नाकारला
तेव्हा ती एवढंच म्हणाली,
छाट निघाली गं.
उद्या परत वळू.

दोन माग होते आमचे.
एक मार्चमध्ये गेला, बँकेच्या मार्जिनपायी,
अक्कलकोट रोडच्या भुईकाट्यावर, भंगाराच्या भावानं.
दोघं मिळून चालायचे तेव्हा त्यांचा एक ठेका होता,
त्यावर मी पाढे पाठ केले, नंतर इंटिग्रेशन.
आता एकटा लंगडत चालतो
आणि माझी झोप
दुसऱ्या पावलाची वाट बघत बसते.

परवा जेवताना बाबांनी विचारलं,
तिकडचे माग कसे असतात?
म्हटलं, धोटा नसतो.
एका बाजूनं सूत फेकतात,
पलीकडं पोचलं की कापतात,
मिनिटाला सहाशे वेळा.
बाबांचा घास हातातच राहिला.
त्यांच्या मागावर धोटा जातो तसा येतो,
सूत न तुटता वळतं,
जिथं वळतं तिथं काठ होतो.
"दर खेपेला कापतात? मग काठ कसा धरतात?"
मी सांगत सुटले,
शेवट आत दुमडणं, जादा दोऱ्यानं बांधणं, वितळवून चिकटवणं,
सातव्या सेमिस्टरचं सगळं.
त्यांनी नीट ऐकून घेतलं.
ताटातली चटणी बोटानं कडेला सारत म्हणाले,
हां. म्हणजे नंतर धरायचा.

काटा थांबला. बावीस नऊशे.
"शंभर ग्रॅम उरले की," मामा म्हणाले,
इकडंतिकडं बघितलं,
सूत संपत आलेली एक कांडी उचलून
बाजूच्या कप्प्यात टाकली.
कुणीच पुन्हा वजन केलं नाही.

आज पाण्याचा दिवस, पाचवा.
रात्री अडीचला समोरच्या कोंडाबाईची हाक आली,
"नीळ्ळु वच्चिनाय!"
आणि गल्लीभर बादल्या जाग्या झाल्या.
जर्मनच्या क्लासात पहिल्याच आठवड्यात
पाण्याला काय म्हणतात ते शिकवलं होतं.
पाणी आलं, असं ओरडून कसं सांगायचं
ते कुठल्याच धड्यात नव्हतं.

आईला उठू दिलं नाही.
पिंप भरलं, हंडे भरले, कूलरची टाकी,
डाळ शिजवायचं पातेलं, चहाचं सुद्धा.
नळ शेवटी नुसती हवा सोडायला लागला
तरी खाली तांब्या धरून बसले होते.

उद्या रात्री नऊची गाडी.
पुढचं पाणी शनिवारी.
तोवर घरात
मी भरलेलं आहे.