धरून

उद्यमबागेच्या मागल्या अंगाला, जिथं फाउंड्रीची जळकी वाळू
ट्रॉलीनं आणून ओततात,
तिथून आत एक वाट. वाट म्हणजे काय,
लोक चालले म्हणून झालेली.
पत्र्याच्या खोल्या, दारात निळे ड्रम.
माझ्या हातात टॅब, टॅबवर चाळीस प्रश्न,
भरलेल्या फॉर्ममागं पंच्याऐंशी रुपये.

यल्लूबाई मेत्री चाळण बाजूला ठेवून बसल्या.
भुवयांवर काळी भुरी. म्हणाल्या,
मी वाळू चाळतो, सून बी चाळती.
इकडं बायका स्वतःला ‘चाळतो’च म्हणतात.
मागं पुण्याच्या मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकून विचारलेलं,
हा पुरुष कोण बोलतोय मध्येच?

मातृभाषा: एकच पर्याय निवडा.
आईची कन्नड, यल्लूबाई म्हणाल्या, सासूची मराठी,
मुकादमाची शिवी दोन्हीतली.
चौकातली पाटी कुठल्या भाषेत, यावरनं शहरात दगड पडतात.
भट्टीपाशी ‘धोका’ हा शब्द
कुठल्याच भाषेत लिहिलेला नाही.

प्रश्न एकोणीस.
‘सामाजिक समावेशनाबाबत आपली धारणा काय?’
खाली पाच गोल.

मी सोपं करत गेले. सामावून घेणं.
म्हणजे सहभाग. म्हणजे सगळ्यांच्या बरोबरीनं,
म्हणजे बघा, विकास होतोय ना, तर त्या विकासात…
चाळत गेले, चाळत गेले,
वर नुसते खडे राहिले.

मग त्याच म्हणाल्या,
म्हंजे धरून का सोडून, असंच की?

आणि माझी वाट न बघता बोलत सुटल्या.
जर्मनीचे साहेब आले तवा कँटीन दाखवली, धुऊन-पुसून.
आमाला त्या दिवशी सुट्टी. बिनपगारी.
ते सोडून.
हजेरीच्या वहीत अडतीस माणसं,
वाळूवरच्या आमी अकरा बायका वहीच्या भाईर,
ते बी सोडून.
दिवाळीचा बॉक्स एकदा दिल्ता हां, खोटं कशाला बोलू.
त्यात काजूकतली होती.

आणि भट्टी उसळली त्या रात्री
पेपरात आलं, दोघं भाजले.
त्यांचा आवाज इथं जरा खाली गेला.
आमच्या मल्लव्वाला धरून तिघं.

टॅबची स्क्रीन विझली. मी बोट लावून पेटवली.

अहवालाच्या पहिल्या पानावर वाढीचा आलेख असणार,
वर चढत गेलेली निळी रेघ.
तो मी पाहिलाय. आमचे फॉर्म भरायच्या आधीच
काढून ठेवलाय त्यांनी.

तुला धरलंय काय गं त्यात? यल्लूबाईंनी विचारलं.

मला अकरा महिन्यांचं पत्र. बारावा महिना
घरी बसायचा, मग नवं पत्र.
शेवटच्या पानावर आभार असतात,
त्यात प्राध्यापक, संचालक, कलेक्टर ऑफिसचे कोणी,
‘आणि क्षेत्रीय सहकारी’.
मी खानापूरची, पाचशे बारा घरं केली या वर्षी.
त्या ‘आणि’ला लटकून आहे कुठंतरी.

मी म्हणाले, चहा नको, उशीर होतोय.
त्यांनी आत बघून हाक दिली,
सुरेखा, चहा टाक. हिला धरून चार.

बशीतला चहा गोड होता, फार गोड.
पोरीनं माझ्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळून पाहिली
आणि सोडली.

एकोणिसावा भरल्याशिवाय विसावा उघडत नाही.
मी मधला गोल भरला: ‘सांगता येत नाही’.
खोटं होतं. त्यांनी तर सांगितलं होतं.

फॉर्मच्या तळाशी एक मोकळी चौकट असते, ‘इतर’ नावाची.
ती कुणी भरत नाही, कुणी वाचतही नाही,
आकडे साफ करणारा मुलगा पहिल्यांदा तीच उडवतो.
बसस्टॉपवर बुटातली वाळू झाडून
तिथं टाइप केलं:
मल्लव्वा धरून तीन.