दोन नंबरची ॲलन-की

रात्रपाळी करून आले की झोप येत नाही.
मग दुपारी तीनला पॅसेजमध्ये पेपर अंथरते,
सायकल भिंतीला टेकवते,
आणि मागच्या डिरेलरपुढे मांडी घालून बसते.
शेजारचा साहिर टॉर्च धरायला येतो.
टॉर्च तो क्लच सोडून सगळीकडे मारतो.

"यात काय असतं?"
एक पट्टा असतो, पोलादी, कमरेला आवळल्यासारखा,
त्याच्या आत बारीक रूळ.
साखळी ताणून धरायला मागे यायचं तर वाट मोकळी,
पुढे झुकायचं म्हटलं, की : थांब, निघालीस कुठे?
"आणि नसला तर?"
तर खडकावरून उतरताना साखळी फ्रेमला
फटाफटा चापट्या मारत सुटते,
आणि ऐन उतारावर दात्यांवरून घसरते,
तुझ्या चड्डीसारखी.
टॉर्च हसून हसून हलतो.

वेसाव्याहून मढला जाणाऱ्या बोटीत
आठवड्यातून दोनदा ही सायकल चढते.
खाडीचं पाणी कडेवरून उडतं, वाळतं, दिसेनासं होतं.
मीठ आधी तिथेच शिरतं
जिथे झाकण आहे म्हणून आपण निर्धास्त असतो.
महिनाभर ती चीं करत होती,
गिअर टाकताना माझा अंगठा दुखत होता,
आणि मी म्हणत होते, बघू रविवारी.

मी हे म्हणावं!
वॉर्डात रोज सकाळी सलाईनच्या प्रत्येक पंपाला हात लावते,
बिघडलाय म्हणून नव्हे.
काल चाललेला पंप म्हणजे
काल चाललेला पंप. बस.
वहीत वेळ, खाली सही.

तीन स्क्रू. तांदळाच्या कणीएवढे.
ते चहाच्या बशीत.
मागे एक मोरीत गेला होता, त्यासाठी
जोगेश्वरीपासून मालाडपर्यंत सात दुकानं फिरले
आणि सातही जणांनी मला नवा डिरेलर दाखवला.

झाकण निघालं.
आत मधासारखं घट्ट झालेलं जुनं ग्रीस,
कडेला गंजाची रेघ,
आणि ग्रीसमध्ये एक अंगठा उमटलेला.

माझा नाही. मी हे पहिल्यांदाच उघडतेय.

मालकम बागेतला होशांग. पर्थला जायच्या आठवड्यात
त्याने ही मला विकली.
"कधी उघडलासच नसशील," मी म्हणाले होते,
"क्लच गेलेलाच धरायचा,"
आणि दोन हजार पाडून घेतले.
तो वाद घालू शकला असता.
रुमालाने सीट पुसत राहिला,
आधीच पुसलेली.

"कुणाचा ठसा?" साहिर विचारतो.
ज्याची होती त्याचा.
"मग पुसू नको."
पुसावं लागतं रे. वाळलेलं ग्रीस म्हणजे नुसती माती.

रॉकेलचा बोळा, मग कोरडं फडकं.
पुसताना हात थोडा हळू चालला, इतकंच.
नवं ग्रीस बेताने, पट्ट्यापुरतं.
लाड केले तर पकडच जाते.
दोन नंबरची ॲलन-की, पाव फेरा.
पिंजरा ओढून पाहिला : सैल.
आणखी पाव. आता फारच कडक,
असा गिअर टाकला तर अंगठाच निखळेल.
जरासा मागे.
हे "जरासा" कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं,
मनगटाला कळेपर्यंत दुपार जाते.

झाकण उचलायला वळले, तेवढ्यात
साहिरने आत बोट घातलं.
पट्ट्याच्या कडेला, नव्या ग्रीसवर,
एक छोटासा, जरा तिरका अंगठा.
ओरडणार होते.
तीन स्क्रू लावले.

ग्रीसच्या डबीवर मार्करने आजची तारीख.
लिव्हर वर. पिंजरा ओढला :
जड, पण ऐकतोय.
आवाज नाही.

दोन हजारांचं होशांगला काय लिहावं
ते अजून सुचलेलं नाही.
बशीला ग्रीस लागलंय,
आई उठायच्या आत धुवायला हवी.