प्रश्न तिसरा, आ

मे महिना, लष्कर. कूलरचा वाळा
केव्हाच कोरडा पडलाय, आणि पुढ्यात
बी.ए. दुसऱ्या वर्षाचे बासष्ट पेपर.

प्रश्न तिसरा, आ : या कवितेत वाक्य
ओळीच्या शेवटी का थांबत नाही? गुण चार.
शितोळे सरांच्या नमुना-उत्तरात मुद्दे तीन :
वेग, धाप, नदीचा प्रवाह.
एकसष्ट जणांनी नदी लिहिलीय,
गाइडात स्पेलिंग चुकलंय तश्शीच चुकवून.

आणि ही एक. नाव नाही, नुसता नंबर.
मोडक्या इंग्रजीत लिहिते :
भाऊ फौजेत आहे. त्याचं पत्र आलं की
आई मला मोठ्यानं वाचायला लावते.
गेल्या खेपेला एका ओळीच्या शेवटी होतं
'मेरा पैर'
आणि मी श्वास घेतला. तेवढ्यात
आईच्या हातातलं पातेलं खाली.
पुढच्या ओळीत होतं, 'अब ठीक है'.
कवीला ती जागा माहीत असणार.
तिला काय म्हणतात, ते मी विसरले.

संज्ञा नाही. नियमानं एक गुण कापायचा.

अकरा वर्षं मी फळ्यावर
नदीच काढतेय, निळ्या खडूनं,
घंटा होईपर्यंत.

लाल पेन झटकलं, चालेना. पुन्हा झटकलं.
चार दिले.
वर टेबलावर शितोळे सर चष्मा सारून विचारतील,
संज्ञा कुठाय, बाई?
सांगेन, पाय
बरा आहे, सर.