भोपळा

हंगामाचा सण होता. भायखळ्यात शेत कुठलं,
पण मंडळी बाजारातून पीक घेऊन येते:
ऊस, नारळ, कुणाच्या गॅलरीतली चार वांगी,
वेदीपाशी ठेवून म्हणते, देवा, हे तुझंच.
मग दुपारी त्याचाच लिलाव.

लिलावाचे पैसे मोजायला
वेस्ट्रीत मला एकट्याला बसवलं.
सात हजार चारशे मी बाजूला काढले.
कारण होतं. कारण सगळ्यांकडेच असतं.

आळ गेला याकोब हिवाळेंवर.
घंटा त्यांची, बाकं पुसणं त्यांचं, चाव्या त्यांच्या कमरेला.
पंचांनी महिन्याभरात चर्चमागची खोली खाली करायला लावली.
शिवणयंत्र टेंपोत चढवलं त्या सकाळी
सुवार्ताबाईंनी मलाच हाक मारली,
भाऊ, जरा दोरी धरता?
मी दोरी धरली.
गाठही मारली, पक्की.

त्यानंतर एकवीस वर्षं
प्रभुभोजनाच्या रविवारी मी आजारी पडत आलो.
घरचे म्हणायचे, पित्त.

शेवटी एका कागदावर हिशेब मांडला.
मुद्दल सात हजार चारशे, नऊ टक्के, सरळ व्याज,
एकूण एकवीस हजार तीनशे शहाऐंशी.
पाकिटात नोटा भरल्या, वरचे सुटे पैसेसुद्धा.
मानखुर्दला गेलो. पुनर्वसनाची इमारत,
लिफ्ट बंद, सातवा मजला.
प्रत्येक जिन्यावर थांबून वाक्य पाठ केलं.

हिवाळे खाटेवर. साखरेनं एक डोळा नेलेला.
सुवार्ताबाई भिंतीवर, प्लास्टिकच्या हारात.
मी पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं
आणि नुसताच आवाज आला, शब्दाविना.

"बस," ते म्हणाले. "मला ठाऊक आहे.
वेस्ट्रीच्या जाळीतून दिसलास तेव्हाच.
रडत मोजत होतास. तिसऱ्यांदा चुकलास मोजताना."

मग सांगितलं का नाही तुम्ही?

खूप वेळ काही बोलले नाहीत.
खाली कुणीतरी पाण्याच्या टाकीवरून भांडत होतं.
"पहिली चार वर्षं तुझं नाव घेऊन शिव्या दिल्या.
प्रार्थनेत. गुडघ्यावर.
तो ऐकत होता.
पुढे एक दिवस शिवी आठवेना."

मी पाकीट पुढे केलं, कागदासकट.
त्यांनी कागद चांगल्या डोळ्याजवळ नेला,
ओठ हलवत वाचला, आणि हसले.
"भोपळा विसरलास यात."

कुठला भोपळा?

"लिलावात एकशे दहाला तू घेतलास, रोख दिलेस,
आणि त्या गडबडीत तसाच टाकून गेलास.
आमच्या घरात दोन दिवस चूल नव्हती.
सुवार्तानं तो चिरला. घाऱ्या केल्या, गूळ उसना आणून.
पोरांना सांगितलं, देवाघरचा आहे.
मरेपर्यंत तिला ते टोचत होतं.
म्हणायची, भाऊंचा भोपळा आपण खाल्ला, विचारलंही नाही.
तर, तिला माफ कर बाबा."

मी?
मी माफ करू?

ते वाट बघत होते. खरंच बघत होते.
एकवीस वर्षं मी ज्या दाराबाहेर उभा होतो
ते आतून कुणी मला उघडायला सांगत होतं.
"केलं," मी म्हणालो. कसं म्हणालो देव जाणे.

"बरं झालं. आता नखं काप माझी.
सून भिते, म्हणते, जखम झाली तर."

मी फरशीवर बसलो, त्यांचा पाय मांडीवर घेतला.
टाच भेगाळलेली, अंगठ्याचं नख शिंपल्यासारखं जाड.
हळू, कडेकडेनं, रक्त न काढता,
दहाही बोटं.
नखांचे तुकडे गोळा करायला काही नव्हतं,
तर तोच कागद खाली धरला,
मुद्दल, व्याज, एकूण, सगळ्यावर
ते चंद्रकोरीसारखे पडत गेले.

पाकीट तिथे राहिलं की परत आलं, ते सांगत नाही.
खाली उतरताना नाक्यावर भाजीवाली होती.
फोडी करून देऊ? ती म्हणाली.
नको, मी म्हटलं, आख्खाच दे,
आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून
पुन्हा सातवा मजला चढू लागलो.