थोडं

फॉर्ममधला नववा प्रश्न मीच घातला होता.
पोहता येतं का? हो, नाही, थोडं.
एकेचाळीस फॉर्म आले.
सतरा जणांनी लिहिलं, थोडं.

सहलीआधीच्या रविवारी
ताळगावच्या पठारावर वारा सुटला होता
आणि मी वसतिगृहाच्या जिन्यावर
गठ्ठ्यावर चप्पल ठेवून
त्या सतराजणांना एकेक करून वाचत बसले.
थोडं म्हणजे किती?

फ्लावियोचं थोडं समुद्रातलं,
बापाची होडी आहे, तो लाजून थोडं म्हणतो.
मेघश्रीचं थोडं म्हणजे मामाची तळी,
कमरेला दोन सुके नारळ,
सहावीची सुट्टी, चार दिवस.
रुक्सानाने आधी 'नाही'वर खूण केली, मग खोडली.
खोडलं तिथे कागद जरासा फाटलाय.

सर म्हणाले, सहीपुरतं ठेव गं,
एवढी चौकशी लग्न जमवतानाही करत नाहीत.

सकाळीच मी नेत्रावळीला जाऊन आले होते,
कदंबने सांग्यापर्यंत,
पुढे पुनो वेळीपच्या स्कूटरवर.
रिवणनंतर फोन मुका झाला
तेव्हा वहीत लिहिलं: इथून पुढे आपण आपलेच.
आरोग्य केंद्र किती मिनिटं, रस्ता कुठे अरुंद,
बस कुठे वळेल, दोरी कुणाकडे.
पुनोने बांबू डोहात घातला.
बांबू अर्धा गेला, मग सगळा गेला,
मग त्याचा हात, कोपरापर्यंत.
वरून पाणी असं दिसत होतं
जणू घोट्याएवढंच आहे.

एका दगडावर त्याने पोफळीची झावळ ठेवली.
"ह्या फातरा फुडें ना."
मी विचारलं, तुला पोहता येतं?
तो हसला. "म्हाका उदक कळटा."
फॉर्ममध्ये हा पर्याय नव्हता.

शनिवारी आम्ही पोचलो, तर पुनो रस्त्यातच उभा.
नमस्कार नाही, काही नाही, नुसती मान हलवली.
वरच्या डोंगरात रात्रभर कोसळलं होतं.
डोहाचा चहा झाला होता,
झावळ नव्हती,
दगडही नव्हता.

मी चाळीस चेहऱ्यांना सांगितलं,
आज पाय सुद्धा भिजवायचे नाहीत.
दत्तेश म्हणाला, मग आलो कशाला?
याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं.
कुणीतरी शिट्टी मारली.
कुणीतरी म्हणालं, हिला अध्यक्ष कुणी केलं?
(त्यांनीच. हात वर करून.)

मग वरच्या कातळावर बसून
पाव आणि पातळभाजी खाल्ली.
पाण्याचा आवाज एवढा होता
की भांडण करायचं तर जवळ सरकावं लागे,
आणि जवळ सरकल्यावर
भांडण कशावरून होतं ते आठवेना.
रुक्सानाने पिशवीतून टॉवेल काढला,
घडी मोडली आणि माझ्यासाठी कातळावर अंथरला.
काही बोलली नाही.

परतीला कायतानने इंजिन चालू केलं.
मी मागून पुढे, मग पुढून मागे.
"कितें गो बाय, परत मेजता?"
हो. परत.
झोपलेली डोकी मोजणं सोपं नसतं,
ती एकमेकांच्या खांद्यावर गेलेली असतात.
दांडीवर एकेचाळीस टॉवेल डुलत होते.
इतके कोरडे टॉवेल
मी आयुष्यात पाहिले नव्हते.

सोमवारी अहवाल.
'विशेष घटना' या रकान्यात
एक आडवी रेघ मारली.
सर वाचून म्हणाले, बरं, काही झालं नाही तर.
ती रेघ एवढी सरळ यायला
मला तीन आठवडे लागले होते,
पण ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता डिसेंबरची सहल. बेटावर, फेरीबोटीने.
नववा प्रश्न मी बदललाय.
पाण्याची भीती वाटते का?
हो, नाही, थोडी.

मागच्या गठ्ठ्यात एकेचाळिसावा फॉर्म माझा होता,
त्यावर ठळक 'हो' आहे,
पेडण्याच्या ओहोळात दोनदा बुडता बुडता
वाचलेल्या मुलीने लिहिलेलं.

नव्या गठ्ठ्यातला पहिला मीच भरला.
थोडी.
मग 'थोडी' खोडलं.
कागद जरासा फाटला.