दीड फेरी

पूर्व भागात, आमच्या गल्लीत
'पळते' या शब्दाला वेगळाच वास होता.
"येमुलांची थोरली रोज पहाटे पळते म्हणे,"
आणि पुढचं हसू पदराआड.
मी खरंच पळायचे.
पार्क मैदानावर, पंधराशे मीटर,
पायांत भावाचे बूट, टाचेत चिंध्या कोंबलेल्या.
मडिवाळ सर घड्याळ दाबून फक्त आकडा सांगत.
शाबासकी त्यांना येतच नव्हती.
चार मिनिटं बावन्न.
अजूनही झोपेतून उठवून विचारा.

मग एका शेवटच्या वळणावर गुडघ्यात काहीतरी सुटलं.
आवाज आला नाही,
उलट आजूबाजूचे सगळे आवाज गेले.
ऑपरेशन. सराव. पुन्हा तोच गुडघा.
दुसऱ्यांदा सर भेटायला आले तेव्हा
त्यांनी खिशातून घड्याळ काढलंच नाही,
चहा पिऊन गेले.
त्यावरून मला कळलं.

पुढची अकरा वर्षं टॉवेलांची.
अक्कलकोट रोडला आधी शिलाईला, मग मोजणीला.
डझन, डझन, गठ्ठा.
बुटांच्या नाड्या आईनं मच्छरदाणीला बांधल्या,
मी काही बोलले नाही.
पळणं थांबलं तेव्हा गल्लीत कुणीच हसलं नाही,
तेच जास्त लागलं.

मार्चमधली गोष्ट. दुपारचे अडीच,
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
सिद्राम टेम्पो घेऊन निघाला
आणि पावतीपुस्तक माझ्याच हातात राहिलं.
हाक मारायची सोडून मी पळाले.
ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर फोन केला असता.
ओढणी कमरेला कधी खोचली माहीत नाही,
चप्पल मात्र नंतर शोधावी लागली.
नाक्यावर टेम्पो गाठला तेव्हा
छातीत जे पेटलं होतं
ते ओळखीचं होतं, घरचंच होतं.
सिद्राम म्हणाला, "ताई, तुम्ही पळत होता की काय आधी?"
आधी.
त्या एका शब्दावर माझ्या दोन रात्री गेल्या.

वडलांना सांगितलं. त्यांचं आयुष्य सांधणीत गेलं:
जुन्या ताण्याच्या शेवटाला नव्याचं टोक,
हजारो धागे, एकेक, बोटांनी.
डोळे गेले, पण बोटं अजून हवेत गाठी मारतात.
म्हणाले, गाठ कापडात जातेच.
कापड विकलं जातं, लोक अंग पुसतात,
नीट हात फिरवला तरच लागते.
मग चाचपत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला
आणि घरच्या भाषेत म्हणाले, "मेल्लगा."
हळू.
मला बरं वाटलं.
गुडघ्याला काही वाटलं नाही.

आता पहाटे पाचला कंबर तलाव.
दिव्याचे दोन खांब पळते, तीन चालते.
उन्हाळ्यात या गावाची पहाटसुद्धा
आंघोळ न करताच आलेली असते.
हत्तुरे काका, वय बाहत्तर,
खिशात फोनवर बातम्या, हातात कुत्र्यांसाठी काठी,
मला चालत मागे टाकतात
आणि वळून बघत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.
चार बावन्नमध्ये आता मी कुठवर पोचते?
त्या गंजक्या झोपाळ्यापर्यंत.
पहिला महिना तिथं थांबून रडायचे.
आता नाक शिंकरते, पुढं जाते.

नाड्या परत मागितल्या.
आईनं मच्छरदाणी सुतळीनं बांधली,
नाड्या दोनदा धुतल्या
आणि कुठं निघालीस, ते विचारलं नाही.

काल काका म्हणाले, "दोन फेऱ्या झाल्या की आज?"
"दीड."
"उरलेली अर्धी?"
"चालले."
"मग ती धर की."
"नाही काका. दीडच."
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, मान हलवली,
शाबासकी दिली नाही.
पुढचा खांब पळायचा होता.