कशावरून?

आठवीच्या वर्गात लोखंडी चूल आहे,
लाकडं ओली असली की ती आमच्याहून जास्त बोलते.
चिलोए बेटाच्या या टोकाला लाकडं बहुधा ओलीच असतात.
खिडकीतून खाडी, आणि खाडीवर ओळीने
शिंपल्यांच्या शेतीचे काळे बोये.

धड्यातली गोष्ट पाच पानांची.
एक म्हातारी, एक नाव, नवरा समुद्राने नेलेला.
प्रश्न चौथा : म्हातारी नाव का विकत नाही?

एलिएसेर मान्सिया लिहितो, "कारण तिचं नावेवर प्रेम होतं."
मी समासात लाल पेन्सिलीने : कशावरून?
बेंहामीन लिहितो, "कारण ती फार चांगली होती.
माझी आत्यापण तशीच आहे."
आत्या धड्यात आहे का रे? कितव्या पानावर?

मग फळ्याशी उभी राहून तेच सांगते, दरवर्षी सांगते :
तुमचं मत म्हणजे बोया. वर दिसतो, उन्हात चमकतो,
पण खाली दोर नसेल तर तो नुसता डबा,
पहिल्या भरतीला जाईल.
दोर म्हणजे ओळ. पुस्तकातली, आहे तशी, अवतरणचिन्हांत.
आणि ओळ नुसती चिकटवून पळायचं नाही,
ती वर ओढायची, शिंपल्यांसकट,
आणि हिला काय लागलंय ते सांगायचं.

हे त्यांना कळतं. डोक्याआधी हातांना कळतं.
शनिवारी त्याच दोरांवर राबलेले असतात ते.

यास्ना चिग्वाय कधीच दीड ओळीच्या पुढे जात नाही.
या वेळी पान भरलंय.
"बाई, प्रश्न चुकलाय," अशी सुरुवात.
"म्हातारी नाव विकणार आहे.
पान तीन : 'तिने नावेला नवा हिरवा रंग दिला.'
पान चार : 'वल्ही तिने दोनदा मोजली.'
जी वस्तू ठेवायची ती कुणी मोजत नाही.
आणि आमच्याकडे नाव रंगवतात
ती एकतर सणाला, नाहीतर गिऱ्हाईक येणार म्हणून.
गोष्टीत सण नाही. मी शोधला."

मी शोधला.
पेन्सिल खाली ठेवली मी.

अकरा वर्षं हा रंग प्रेमाचा म्हणून शिकवते आहे.
मार्गदर्शिकेत तसंच छापलंय : उत्तर चार, गुण तीन.
रात्री चहा गार होईपर्यंत पाचही पानं
बोट ठेवून वाचली, पहिलीतल्या पोरासारखी.
'नाव विकणार नाही' असं म्हातारी कुठेच म्हणत नाही.
शेजारी म्हणतो.
आणि शेजाऱ्याने तिच्या घरात कधी पाऊल टाकलेलं नाही.
ज्याने प्रश्न काढला त्याने शेजाऱ्याचं ऐकलं, आणि मीही.
आडात नव्हतं,
आणि मी अकरा वर्षं पोहरे भरभरून वाटले.

सकाळी वर्गाला सांगून टाकलं.
एलिएसेर नको तितका खूश :
"म्हणजे बाई, तुमचंपण कशावरून?"
हो. माझंपण.

मग भांडण झालं, चांगलं, घंटा होऊन गेली तरी.
बेंहामीनने पान पाचवरून एक ओळ उपसून काढली,
'रात्री ती नावेत जाऊन बसली, वल्ही न घेता,'
आणि यास्नाकडे पाहिलं.
ती गप्प. मग मान हलवली,
आणि ती ओळ स्वतःच्या वहीत उतरवून घेतली,
स्वतःच्याच उत्तराखाली.

तिला तीन गुण दिले. तीनच होते.

शुक्रवारी धक्क्यावरून घरी जाताना
चिग्वायांची नाव वाळूवर आडवी दिसली,
एक बाजू जुनी, एक बाजू ओली हिरवी.
यास्ना ब्रश धूत होती. तिने हात केला.
मीही केला.

कुठला सण जवळ आला आहे, आठवून पाहिलं.

घर येईपर्यंत मी काहीच ठरवलं नाही.
रंग होता, एवढी एक ओळ होती.
वल्ही कुणी मोजताना
मी पाहिलं नव्हतं.